घरच्या जुन्या लॅपटॉपवर मुलीची आठ पानी पुस्तिका करायची आहे. मराठीसाठी फुकटातलं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

मानेवाड्याची_आई

नमस्कार. आम्ही नागपूरला मानेवाडा रोडला राहतो. मुलगी सहावीत, मराठी माध्यम. वर्गातल्या प्रत्येकाने गणपतीनंतर आठ पानांची छोटी पुस्तिका करून द्यायची आहे, विषय ज्याचा त्याने निवडायचा. हिने आमच्याकडचे सण घेतले, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आणि तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी नंदीचा पोळा. आजोबांना विचारून विचारून वहीची अकरा पानं भरवलीत, स्वतःच्या लाकडी नंदीचे फोटो काढलेत, बडग्यांची, म्हणजे मिरवणुकीतल्या दुसऱ्या पुतळ्यांची, चित्रं काढलीत. आता ते सगळं पुस्तकासारखं मांडायचं आहे.

मागच्या वर्षी असाच प्रकल्प चौकातल्या एका डीटीपीच्या दुकानातून करून घेतला होता. चार पानांचे 240 रुपये झाले. पैशाचं एवढं वाटलं नाही. तिने लिहिलेल्या ‘नंदी’चं टायपिंगमध्ये ‘नदी’ झालं, तेही तीन ठिकाणी. दुरुस्त करू म्हणून फाइल पेनड्राइव्हवर आणली, तर घरी उघडल्यावर सगळी इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविराम. एक शब्द वाचता येईना. पोरगी रडली. बाईंनी त्या चुका तिच्या समजून लाल गोल केले होते.

यंदा घरीच करायचं ठरवलंय. लॅपटॉप नऊ वर्षं जुना आहे, 4 जीबी रॅम, विंडोज 10. इंटरनेट म्हणजे यांच्या मोबाइलचं, ते ड्युटीवरून आले की मिळतं. आमच्याकडे दुपारी लाइटही जाते. त्यामुळे नेटशिवाय चालणारं हवं. चोरीचं सॉफ्टवेअर नको. एकदा ओळखीच्या एकाने ‘क्रॅक’ टाकून दिला आणि घरचे सगळे फोटो उघडेनासे झाले, ती शिक्षा पुरे. आणि मुख्य म्हणजे हे तिला स्वतःला करता आलं पाहिजे. मी करून दिलं तर दुकानात आणि घरात फरक काय राहिला?

धरमपेठचे_सर

ताई, विषय सुंदर निवडला आहे तिने.

माझ्या वर्गातली मुलं कॅनव्हा वापरतात. मोबाइलवरही चालतं, फुकट आवृत्तीत पुष्कळ काही मिळतं आणि मराठी अक्षर नीट उमटतं. ज्या चित्रावर मुकुटाची खूण दिसते ते पैशाचं असतं, ते सोडून द्यायचं. खातं मात्र तुमच्या नावाने काढा, मुलीच्या नाही. शाळेने रीतसर अर्ज केला तर शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी त्यांची शैक्षणिक आवृत्तीही विनाशुल्क मिळते.

पण तुम्हाला नेटशिवाय हवं आहे आणि कॅनव्हा नेटवरच चालतं. शिवाय एक गोष्ट मनापासून सांगतो. तयार साच्यांमुळे तीस मुलांच्या तीस पुस्तिका एकाच घरातल्या दिसतात. मुलं मजकूर साच्याच्या मापाने कापतात. ‘सर, तिथे चारच ओळी बसत होत्या’ हे उत्तर मी गेल्या वर्षी कितीदा ऐकलं! आजोबांकडून अकरा पानं मिळवलेल्या मुलीच्या वाट्याला ते येऊ नये.

जुना_जुळारी

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री जेवण झाल्यावर निवांत लिहायला बसलो. मी महालातल्या छापखान्यात 1984 साली खिळे, म्हणजे छपाईची सुटी शिशाची अक्षरं, जुळवायला लागलो. 1993 मध्ये मालकांनी कॉम्प्युटर आणला तेव्हा पेजमेकर हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर शिकलो आणि पुढे वीस वर्षं लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं त्यावर केलं. आता घरी नातवंडांची कामं करतो. लांब लिहीन, पण सगळं वाचा.

आधी तुमच्या त्या फाइलचं. दुकानदाराने तुम्हाला फसवलं नव्हतं. जुन्या डीटीपीच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले असत. एका कळीवर काना, एकीवर अर्धा ‘स’, एकीवर रफार. कॉम्प्युटरच्या लेखी ते शेवटपर्यंत इंग्रजीच. त्याच्याकडे तो फाँट होता म्हणून मराठी दिसलं, तुमच्याकडे नव्हता म्हणून कंस आणि स्वल्पविराम दिसले. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी ‘नंदी’ हा ‘नंदी’च राहतो. मोबाइलवर तुम्ही जे मराठी लिहिता ते युनिकोडच. म्हणून पहिला नियम हा की मजकूर युनिकोडमध्येच टाइप झाला पाहिजे. मग तो कुठेही न्या.

विंडोज 10 मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आधीपासूनच आहे. सेटिंगमध्ये भाषा जोडायची, म्हणजे ‘nandi’ सारखं लिहिलं की नंदी उमटतं. टायपिंगचा कंटाळा आला तर मोबाइलवर बोलून लिहू द्या. पण मग प्रत्येक ओळ तिने मोठ्याने वाचून तपासायची. यंत्राला अनुस्वार ऐकू येतोच असं नाही.

आता सॉफ्टवेअर. लिबरऑफिस घ्या. 2010 साली ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं, पूर्ण विनामूल्य आणि मुक्त, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. त्याचे मेनूही मराठीत करता येतात. तुमच्या 4 जीबीवर चालतं, माझ्याकडेही तेवढंच आहे. त्यात रायटर आहे आणि ड्रॉ आहे. सलग मजकुराची पुस्तिका असेल तर रायटर. चित्रं इकडे-तिकडे ठेवून, भोवती मजकुराच्या चौकटी मांडायच्या असतील, भित्तिपत्रक किंवा मुखपृष्ठ करायचं असेल तर ड्रॉ.

रायटरमध्ये मराठी लिहिणारा प्रत्येक जण एका ठिकाणी अडतो, मीही दोन दिवस अडलो होतो. स्टाइलमध्ये जाऊन अक्षराचा आकार 12 वरून 14 केला, तरी मराठी अक्षर तसंच बारीक! कारण तिथे दोन वेगळे रकाने असतात. वरचा पाश्चात्त्य अक्षरांचा आणि दुसरा ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ नावाचा. देवनागरी त्या दुसऱ्यात येते. फाँट, आकार, भाषा तिन्ही तिथे बदला. भाषा मराठी निवडायला विसरू नका, कारण काही फाँटांत भाषा मराठी ठेवली की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. शाळेत गिरवलेला ‘ल’ आणि छापलेला ‘ल’ वेगळा दिसला की मूल गोंधळतं. छापखान्यातसुद्धा आम्ही यासाठी भांडायचो.

फाँट फुकट आणि कायदेशीर पुष्कळ आहेत. मजकुराला ‘मुक्त’ नावाचा फाँट किंवा नोटो सान्स देवनागरी, शीर्षकाला बलू. बलू आणि ‘मुक्त’ हे दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेने केलेले आहेत, मोकळ्या परवान्याचे. आणि पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी. तो नावाप्रमाणे मराठीसाठीच घडवलेला आहे, त्यात ‘ल’-‘श’ची चिंता नाही. तीन फाँट उतरवा, पण पुस्तिकेत दोनच वापरा. मुलांना प्रत्येक ओळ वेगळ्या फाँटात हवी असते. करू द्या एकदा, प्रिंट काढून दोन हातांवरून बघू द्या. दुसऱ्या वेळी स्वतःच कमी करते.

स्क्रायबसबद्दल तुम्हाला इथे कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. पेजमेकर ज्या जातीचं, त्याच जातीचं ते मुक्त सॉफ्टवेअर, 2003 पासूनचं. त्यात पानावर थेट लिहित नाहीत. आधी चौकट आखायची, मग तीत मजकूर ओतायचा, एक चौकट भरली की दुसरीला साखळीने जोडायची. मजकूर मावला नाही तर चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात छोटी फुलीची खूण येते. वर्तमानपत्र करायचं तर यासारखं काही नाही. पण घ्यायचं तर 1.6 किंवा पुढचंच घ्या. जुन्या 1.4 मध्ये जोडाक्षरं तुटायची, वेलांटी अक्षराच्या मागे जायची. खूप जणांनी तेव्हा बघितलं आणि ‘मराठी चालत नाही’ म्हणून कायमचं सोडून दिलं. तुमच्या मुलीला या पुस्तिकेसाठी ते लागणार नाही. आठवीत शाळेचं वार्षिक काढायला मागे लागली की मग शिकवा.

(पेजमेकर म्हणाल तर 1985 चं, 2001 च्या 7.0 नंतर पुढची आवृत्तीच आली नाही. माझ्या जुन्या फाइली मी लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडून पाहिल्या. चौकटी जागच्या जागी निघाल्या. अक्षरं अर्थातच नाही, कारण वर सांगितलं तेच.)

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी कॉम्प्युटर लावूच नका. दोन कोरे ए-फोर कागद घ्या. एकावर एक ठेवून मधोमध घडी घाला. झाली आठ पानांची डमी. तिला पेन्सिलने 1 ते 8 आकडे टाकायला सांगा, प्रत्येक पानावर काय येणार ते दोन शब्दांत लिहू द्या, चित्राच्या जागी चौकोन काढू द्या. मग कागद उलगडून दाखवा. बाहेरच्या कागदावर एका बाजूला 8 आणि 1 शेजारी, मागे 2 आणि 7. आतल्यावर 6 आणि 3, मागे 4 आणि 5. माझ्या नातीने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती किती वेळ घडी उघडत-मिटत बसली होती. पुस्तक कसं जन्मतं ते त्या घडीत कळतं. छापखान्यात आम्ही प्रत्येक कामाची डमी करायचो, दोनशे पानी असो की आठ पानी.

डमी झाली की रायटरमध्ये पान ए-फाइव्ह ठेवा, 148 बाय 210 मिलिमीटर. चारी बाजूंनी निदान 12 मिलिमीटर समास सोडा, कारण घरगुती प्रिंटर कडेपर्यंत छापत नाही. पानं 1, 2, 3 अशी सरळ क्रमानेच लिहायची. उलटसुलट जुळणी प्रिंट करताना ‘ब्रोशर’ निवडलं की आपोआप होते.

पेंग्विन_प्रतापनगर

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त लॅपटॉपचं बोलतो.

ताई, विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नऊ वर्षांच्या मशीनवर विंडोज 11 बहुतेक बसणार नाही. लगेच घाबरायचं कारण नाही, पुस्तिका होऊ द्या. नंतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या कार्यप्रणालीची एक्सएफसीई आवृत्ती टाकून बघा. हलकी आहे, फुकट आहे, लिबरऑफिस सोबतच येतं. पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येते, म्हणजे आवडली नाही तर मशीनला काही होत नाही. आधी सगळ्या फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवा, हे तुम्हाला सांगायला नको.

बडग्यांची चित्रं कागदावर काढलीत ना? मोबाइलने खिडकीजवळ, दिवसाउजेडी, अगदी वरून फोटो घ्या. ट्यूबलाइटखाली कागद पिवळट येतो. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून लॅपटॉपवर पाठवायचे असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, साधे पाठवले तर ते दाबून लहान करतं. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे तीन इंच रुंदीच्या चित्राला निदान 900 ठिपके हवेत.

तिला कॉम्प्युटरवरच चित्र काढायचं असेल तर लहानांसाठी टक्स पेंट आहे, 2002 पासूनचं. सहावीतल्या मुलीला ते जरा बालिश वाटेल, तिला सरळ इंकस्केप द्या. आमची धाकटी त्यात मारबतीचे डोळे करून राहिली होती दोन तास, जागची उठली नाही.

मानेवाड्याची_आई

तुम्ही सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, वाचताना भरून आलं. काका, तुमचं उत्तर मी दोनदा तिला वाचून दाखवलं.

शनिवारी लिबरऑफिस टाकलं. डमी केली. तिने आधी दोन कागदांऐवजी आठ कागद घेतले होते, घडी घातल्यावर मोजले तर बत्तीस पानं झाली, मग तिचं तिलाच कळलं. चौथं-पाचवं पान समोरासमोर येतं आणि मधे जोड नसतो हे तिने शोधून काढलं, म्हणून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची भेट तिने तिथेच ठेवली. एक या पानावर, एक त्या पानावर, आणि मधल्या घडीवर ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’. मला हे सुचलं नसतं.

दोन अडचणी आहेत. शाळेच्या ग्रुपवर मुखपृष्ठाचा नमुना आलाय, तो मायक्रोसॉफ्टच्या पब्लिशर या सॉफ्टवेअरमध्ये केलेला आहे, आमच्याकडे उघडत नाही. आणि आमच्याकडे प्रिंटर नाही, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे काढणार. तिथे लिबरऑफिस नाही.

जुना_जुळारी

मधल्या पानाचं तिने एकटीने ओळखलं? ताई, त्या पानासाठी छापखान्यात जाहिरातदार जास्त पैसे मोजायचे. तिला माझा आशीर्वाद सांगा.

पब्लिशरची फाइल लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडते. अगदी हुबेहूब नाही, पण चौकटी आणि मापं कळतील एवढी. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2026 पासून पब्लिशर बंद करायचं जाहीर केलंय, तेव्हा शाळेलाही नम्रपणे सांगा की नमुने पीडीएफमध्ये टाकत जा. पालकांपैकी किती जण विचारायला लाजत असतील.

झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफच न्या. रायटरमध्ये पीडीएफचं बटण आहे, फाँट त्यातच बांधले जातात, तिकडे फाँट असो नसो. पीडीएफ सरळ क्रमाने आठ पानांची निघेल. त्याला म्हणा, ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडून प्रिंटच्या खिडकीत ‘बुकलेट’ निवड, दोन्ही बाजूंनी, आणि कागद आखूड कडेवर उलटव. आखूड कड हा शब्द लिहून न्या. लांब कडेवर उलटवला तर मागची पानं उलटी येतात आणि त्याला वाटतं तुमची फाइल चुकली. आधी एक संच काळापांढरा काढा, घडी घालून तुमच्या डमीशी ताडून बघा, मगच रंगीत.

पिनेचं. साधा स्टेपलर मधोमध पोहोचत नाही. पुस्तिका उघडी, मुखपृष्ठ वर, जुन्या थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा. स्टेपलरचा खालचा जबडा मागे उघडा आणि घडीवर दाबा, वरून एक, खालून एक. पिना थर्माकोलमध्ये रुततात. हळूच उचलून पुस्तिका पालथी करा आणि चमच्याच्या पाठीने टोकं आत वळवा. हे काम तुम्ही करा, तिच्या बोटाला लागेल.

धरमपेठचे_सर

एक विनंती. शेवटच्या पानावर आजोबांचा उल्लेख तिच्याकडून करून घ्या: माहिती कोणी सांगितली, कधी सांगितली. आणि फाँटांची नावंही. जुन्या पुस्तकांत मुद्रकाचं नाव असतं तसं.

मानेवाड्याची_आई

आज दिली शाळेत.

पहिल्या संचात तिसऱ्या पानावर ‘तान्हा’चा ‘तन्हा’ झालेला सापडला. तिलाच सापडला, झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या. घरी आलो, दुरुस्त केला, नवी पीडीएफ केली, परत गेलो. अर्धा तास. फाइल आमची होती म्हणून जमलं. काळापांढरा आणि रंगीत धरून 76 रुपये झाले. आखूड कडेचं तिनेच त्या दादांना सांगितलं, त्यांनी आधी ऐकलं नाही, एक पान उलटं निघाल्यावर ऐकलं.

सर, शेवटच्या पानावर तिने लिहिलंय: ‘माहिती – आजोबा, आमच्या गच्चीवर. अक्षरं – तिरो देवनागरी मराठी आणि बलू. घडी आणि डमी – महालातले एक जुळारी आजोबा.’ काका, तुमचं नाव माहीत नाही म्हणून तिने असंच लिहिलं. चालेल ना?

आता तिला आजोबांच्या बाकीच्या गोष्टींचं दर महिन्याला एक पानी वर्तमानपत्र काढायचं आहे, तीन कॉलमचं. स्क्रायबस 1.6 रविवारी उतरवते. चौकटी साखळीने जोडायच्या कशा ते सवडीने सांगाल का?